दगड गुळगुळीत होतो, पण चकाकत नाही: टम्बलरची नेहमीची अडचण कुठे असते आणि कशी सोडवायची

टम्बलर, म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणारा फिरता डबा, घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते. महिनाभर डबा फिरला, जाड ग्रिटपासून (दगड घासणारी कणीदार पूड) पॉलिशच्या पावडरीपर्यंत चारही टप्पे झाले, घरच्यांनी रात्रंदिवस घरघर ऐकून घेतली, आणि शेवटी निघालेले दगड हाताला गुळगुळीत लागतात खरे, पण दिसतात धुरकट. पाण्यात असताना बघत राहावेत असे, वाळले की मलूल. मग खापर फुटतं ते शेवटच्या टप्प्यावर. पावडर भेसळीची असेल, कमी पडली असेल, दिवस कमी पडले असतील. आणखी पावडर येते, डबा आणखी आठवडाभर फिरतो, आणि दगड होते तसेच राहतात.

बहुतेक वेळा दोष पॉलिशच्या टप्प्यात नसतोच. तो पहिल्या टप्प्यात असतो, नाहीतर त्याच्याही आधी, दगड निवडताना झालेला असतो. शेवटची पावडर चकाकी आणते असं आपण म्हणतो, पण आधीच्या तीन टप्प्यांनी जागा तयार केली नसेल तर ती पावडर काहीही करू शकत नाही.

इथे लिहितोय ते आडव्या फिरणाऱ्या डब्याच्या टम्बलरबद्दल, आणि आपल्याकडे सहज मिळणाऱ्या दगडांबद्दल: अकीक, गारगोटी, जास्पर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका त्या पोकळ्यांत साचत गेली. काळा पाषाण झिजून त्याची माती झाली तरी हे गोळे टिकले, म्हणून ते शेतात, ओढ्यात, नदीच्या गोट्यांत सापडतात. ते टिकाऊ आहेत म्हणूनच चकाकतात, आणि म्हणूनच त्यांना घासायला वेळ लागतो.

आधी नीट बघा

दगड धुवा आणि रात्रभर वाळू द्या. ओल्या दगडावरून काहीही ठरवू नका, कारण पाणी सगळे बारीक चरे भरून टाकतं आणि खोटी चमक दाखवतं. वाळलेला दगड ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू फिरवा. ट्यूबचं प्रतिबिंब कडा स्पष्ट धरून दिसलं तर पॉलिश झालंय. नुसता पांढरट पट्टा दिसला तर नाही. मग सोनार वापरतात ते दहापट भिंग डोळ्याला लावा. भिंगाशिवाय या छंदात अंदाजाने दिवस जातात, आणि ते फार महागही नसतं.

भिंगातून काय दिसतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सगळा पृष्ठभाग एकसारखा धुरकट आणि खडबडीत दिसत असेल तर आधीचा एखादा टप्पा अर्धवट सुटलाय. बाकी दगड छान, पण मधूनच एखाददुसरा लांब सरळ ओरखडा असेल तर जाड ग्रिटचे कण पुढच्या टप्प्यात गेलेत. उंच भागांवर, कडांवर नखाएवढ्या बारीक अर्धचंद्राकृती चिरा असतील तर दगड डब्यात एकमेकांवर आपटताहेत. आणि एकाच डब्यातले काही दगड लखलखीत, काही मेलेले असतील, तर दोष प्रक्रियेत नाही, त्या दगडांत आहे.

पहिला टप्पा अर्धवट सुटला की

सगळ्यात जास्त दगड इथे बिघडतात.

८० नंबरच्या ग्रिटचा कण साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो. २२० नंबरचा त्याच्या एक तृतीयांश. ५०० किंवा ६०० नंबरचा म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहून बारीक. पॉलिशच्या पावडरीचा कण एखाद्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दगड चकाकतो तो पृष्ठभागावरचे चरे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान झाले की, आणि ती तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आगेमागे असते. प्रत्येक टप्प्याने फक्त आधीच्या टप्प्याचे चरे काढायचे असतात. पहिल्या टप्प्यातला खळगा राहून गेला तर ६०० नंबर तो काढू शकत नाही, पॉलिशचा तर प्रश्नच नाही. पॉलिश त्या खळग्याभोवतीच्या उंच भागांना तेवढं चकाकवतं, खळगा तसाच राहतो, आणि दगड एकूण धुरकटच दिसतो.

टम्बलरबरोबर येणाऱ्या कागदावर प्रत्येक टप्प्याला सात दिवस लिहिलेले असतात. माझा या कागदावर राग आहे. दुसऱ्या, तिसऱ्या टप्प्याला सात दिवस ठीक. पहिल्या टप्प्याला दिवसांचं बंधन घालताच येत नाही. आपला अकीक पोकळीतून येताना अंगावर साल घेऊन येतो: बाहेर हिरवट मातकट थर, त्याखाली पांढरं कवच, आणि त्यावर पोकळीच्या भिंतीचे ठसे, म्हणजे बारीक बारीक वाट्या. ती सगळी साल जाऊन आतला घट्ट दगड उघडा पडेपर्यंत पहिला टप्पा चालू ठेवायचा. कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला पाच.

मात्र डबा नुसता जास्त दिवस फिरवून उपयोग नाही. ग्रिट ज्याची असते ते सिलिकॉन कार्बाइड कठीण असलं तरी ठिसूळ आहे. आठवडाभरात जाड कण फुटून बारीक होतात आणि घासणं जवळपास थांबतं. म्हणून दर आठवड्याला डबा उघडायचा, गाळ काढायचा, दगड धुऊन वाळवायचे आणि एकेक हातात घेऊन बघायचा. वाळलेल्या दगडाच्या वाटीत पांढरी धूळ बसलेली दिसली की तिथे अजून काम बाकी आहे. असे दगड नव्या ग्रिटसह परत डब्यात. जे तयार झाले ते वेगळ्या डब्यात जमा करत जायचं, आणि पुरेसे जमले की त्यांचा पुढचा टप्पा सुरू. सुरुवातीला निम्म्याहून जास्त दगड परत जातात. त्याची चिडचिड करून घेऊ नका. ज्यांचे दगड आरशासारखे होतात, ते सगळे इथे थांबायला शिकलेले असतात.

ग्रिटच्या किमतीमुळे काही जण नदीची वाळू चाळून वापरतात. वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीच, अकीकाइतकीच कठीण, आणि पाण्यात झिजून गोल झालेली. तिने अकीक घासला जात नाही, डबा फक्त आवाज करतो. ठोक हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडम पावडर (सिलिकॉन कार्बाइडचंच दुसरं नाव) मागा, नंबर सांगून. इंजिनच्या व्हॉल्व्हसाठी मिळणारी पेस्ट मात्र घेऊ नका, ती तेलकट असते आणि डब्यात गोळे होतात.

एकट्या ओरखड्याचं मूळ

शेवटच्या डब्यात ८० नंबरचे चार कण जरी गेले तरी ते आठवडाभर सगळ्या दगडांवर रेघा ओढत फिरतात. हे कण येतात कुठून? बहुतेकांना वाटतं, आपण दगड धुतले म्हणजे झालं. पण अकीकाच्या मधोमध पुष्कळदा पोकळी असते, तिच्यात स्फटिकांचे दात बाहेर आलेले असतात. दिसायला फार सुंदर. त्या दातांच्या मुळाशी ग्रिट जाऊन बसते आणि नळाच्या धारेखालीही हलत नाही. दगड वाळवून भिंगाखाली धरा, स्फटिकांमधे काळे ठिपके चमकताना दिसतील. जुना टूथब्रश, मग टूथपिक, मग पुन्हा पाणी. तरी ठिपके राहिले तर तो दगड पॉलिशच्या डब्यात घालू नका. पोकळी उघडी असलेले दगड टम्बलरपेक्षा कापून हाताने पॉलिश केलेले बरे, किंवा जसेच्या तसे कपाटात ठेवलेले.

दुसरी जागा डब्याचीच. झाकणाची खाच, रबराच्या अस्तराची कड, झाकणाखालची चकती, इथे जाड कण चिकटून राहतात. शक्य असेल तर पॉलिशसाठी वेगळा डबा ठेवा आणि त्यात ग्रिट कधीच घालू नका. ते जमत नसेल तर दोन टप्प्यांच्या मधे दगड, पाणी आणि किसलेला साधा साबण घालून काही तास फिरवा, ओता, धुवा. ज्यात रंग, सुगंध कमी तो साबण चांगला. डब्यातली कमी पडलेली जागा भरायला प्लास्टिकचे मणी वापरत असाल तर प्रत्येक टप्प्याचे मणी वेगळे आणि पिशवीवर नंबर लिहिलेला. मण्यात ग्रिट रुतते, आणि धुऊन निघत नाही.

सगळे दगड एका पंगतीला बसत नाहीत

फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड मांडली. ती अजून वापरात आहे, आणि टम्बलर चालवणाऱ्याने ती भिंतीवर लावावी. गारगोटी ७, अकीक आणि जास्पर साडेसहा ते ७, फेल्डस्पार ६, फ्लुओराइट ४, कॅल्साइट ३. सात आणि तीन एकत्र फिरवले तर तीनचा चुरा होतो, त्याचा चिखल बनतो, आणि सातपर्यंत ग्रिट पोचत नाही.

आपल्याकडे हा घोटाळा फार होतो, कारण दख्खनच्या त्याच पोकळ्यांत पांढरा कॅल्साइटही सापडतो आणि नवख्याला तो गारगोटीच वाटतो. चाकूच्या टोकाने ओरखडून बघा. कॅल्साइटवर चर पडतो, गारगोटीवर चाकूचीच करडी रेघ उमटते. संशय राहिला तर गारगोटीने काचेवर रेघ ओढता येते, कॅल्साइटने नाही.

जिओलाइट डब्यात घालू नका. हे कळकळीने सांगतो. पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगरच्या खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, त्यांच्याबरोबर येणारा ॲपोफिलाइट यांना जगभरच्या संग्रहालयांत जागा मिळते. वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर पुण्याच्या दारातला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन हे स्फटिक बघून या. ही खनिजं तीन ते पाचच्या दरम्यानची, मऊ, आणि ठरावीक पातळीत सहज दुभंगणारी. टम्बलरमध्ये एका रात्रीत त्यांचा भुगा होतो, आणि गेलेला स्फटिक परत मिळत नाही.

काळ्या पाषाणाचंही अनेक जण विचारतात. सह्याद्रीचा काळा गोटा गुळगुळीत होतो, हाताला छान लागतो, पण अकीकासारखा चकाकत नाही. तो एका खनिजाचा नसतो. फेल्डस्पार, पायरॉक्सीन, मधेच पांढऱ्या, हिरव्या मऊ खनिजांनी भरलेले ठिपके, सगळे वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि पृष्ठभाग उंचसखल राहतो. ठिपके नसलेला, अगदी बारीक पोताचा दगड निवडलात तर मंद झिलई येते. त्यापुढे अपेक्षा ठेवू नका आणि अकीकाबरोबर तो फिरवू नका.

दगड निवडताना आणखी एक गोष्ट बघा, चकाकीशी तिचा संबंध नसला तरी. गोदावरी, प्रवरा, भीमेच्या काठी सापडणाऱ्या अकीकाच्या पातळ धारदार कपच्या, एका बाजूला एकसारखे बारीक टवके काढलेल्या, या नेहमीच नदीच्या आपटण्याने झालेल्या नसतात. अश्मयुगातल्या माणसांनी आणि पुढे ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीच्या लोकांनी याच दगडाची हत्यारं केली. नेवाशाला डॉ. ह. धी. सांकळिया यांनी केलेलं उत्खनन प्रसिद्ध आहे. अशी कपची दिसली तर उचलू नका. जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. एका आठवड्यात टम्बलर तिच्यावरच्या माणसाच्या हाताच्या सगळ्या खुणा पुसून टाकेल. लोणारच्या विवरातूनही काही आणू नका, ते संरक्षित आहे.

अर्धचंद्राच्या चिरा

याचं कारण जवळजवळ नेहमी अपुरी भरणी असतं. डबा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरलेला हवा. त्याहून कमी असेल तर दगड घरंगळत नाहीत, वर चढून धाडकन पडतात. पहिल्या टप्प्यात झीज होते, काही दगड बाजूला काढले जातात, आणि चौथ्या टप्प्याला येईपर्यंत डबा निम्मा रिकामा झालेला असतो. पॉलिशच्या वेळी चिरा पडतात त्या यामुळे. कमी पडलेली जागा प्लास्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या मण्यांनी भरा. लहान मोठे दगड मिसळलेले असावेत. सगळे लिंबाएवढे असतील तर त्यांच्यातल्या जागांत ग्रिट पोचत नाही.

पाणी वरच्या थराच्या दगडांच्या किंचित खालीपर्यंतच. जास्त झालं की गाळ पातळ होतो, ग्रिट दगडांना चिकटून राहत नाही आणि आपटणंही वाढतं. ग्रिटचं प्रमाण दर सातशे ग्रॅम दगडांना दोन मोठे चमचे धरून चाला. आवाज ऐकायची सवय लावा. नीट भरलेला डबा एकसुरी सळसळतो, खडखडत नाही.

वीज जाणाऱ्या भागात एक गोष्ट जपा. डबा काही तास थांबला तर काही बिघडत नाही. दोन दिवस थांबला तर गाळ तळाशी घट्ट बसतो, आणि वीज आल्यावर सगळा ऐवज एका बाजूला धरून डबा अडतो. मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. वीज आली की जाऊन डबा फिरतोय का बघा, नाहीतर बटण बंद करून ठेवा.

पॉलिशच खरोखर चुकलं असेल तर

इथवर सगळं नीट असूनही चकाकी येत नसेल, तर मग पावडरीकडे वळा. अकीकाला ॲल्युमिनियम ऑक्साइड पुरतं. सेरियम ऑक्साइडही उत्तम, काच पॉलिश करणारे ते वापरतात, त्यामुळे शहरात मिळतं. फक्त त्याच्या गुलाबीसर जाती भेगांत रंग सोडतात. सोनारांची लाल रूज आणि हिरवं क्रोमियम ऑक्साइड फटीत बसलं की निघता निघत नाही, म्हणून फिकट दगडांना ती नकोत. टूथपेस्ट चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिच्यातली पूड गारगोटीपेक्षा मऊ असते, अकीकावर तिचा काही उपयोग नाही.

आठवडाभर डबा फिरवण्याआधी एक सोपी चाचणी करा. ५०० किंवा ६०० च्या टप्प्यातून निघालेला एक दगड घ्या, जुन्या जीनच्या तुकड्यावर ओली पॉलिशची पावडर लावा आणि एकाच जागी काही मिनिटं जोर लावून घासा. ती जागा उजळली तर दगड तयार आहेत, डबा लावा. उजळली नाही तर सगळेच मागच्या टप्प्यात परत न्या. आठवडा वाचतो, पावडरही वाचते.

दुकानातल्या दगडांशी तुलना करताना

पुष्कळदा मनातला नमुनाच चुकीचा असतो. दुकानातला चकचकीत दगड घरच्या दगडाशेजारी ठेवून माणूस खट्टू होतो. पण त्यातल्या काहींवर मेण किंवा तेलाचा हात असतो. कोमट साबणाच्या पाण्यात घासून धुवा, वाळवा, मग बघा. भडक निळा, गुलाबी, जांभळा अकीक जवळपास नक्कीच रंगवलेला असतो. पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश काढायचं द्रावण घेऊन भेगेवर दाबलं तर कधीकधी रंग उतरतो. उतरला नाही म्हणून रंग नाही असं मात्र समजू नका, काही रंग दगडात खोल मुरवलेले असतात.

लाल अकीकाची गोष्ट वेगळी. गुजरातेतल्या खंभातचे कारागीर रतनपूरच्या खाणींतला दगड भाजून लाल करतात, आतल्या लोहामुळे तो रंग येतो. हे काम त्या भागात हडप्पा काळापासून चालत आलंय, लोथलला मणी बनवायची जागाच सापडली आहे. जुन्या पद्धतीत मणी चामड्याच्या पिशवीत कुरुंदाच्या पुडीसह घालून दोन माणसं ती पिशवी दिवसचे दिवस पुढेमागे लोळवत. आपला टम्बलर तेच काम करतो.

याच खंभातने एक कटू गोष्टही शिकवली आहे. अकीक कोरडा घासताना उडणाऱ्या सिलिकेच्या धुळीने तिथल्या कितीतरी कारागिरांना सिलिकोसिस झाला, आणि फुप्फुसाचा हा आजार बरा होत नाही. टम्बलर ओला चालतो म्हणून सुरक्षित आहे, पण वाळलेला गाळ तितकाच धोकादायक. सांडलेला गाळ ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. दगड फोडताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला एन-९५ मास्क लावा. गाळ मोरीत किंवा बेसिनमध्ये कधीही ओतू नका, पाइपच्या वळणात तो बसला की सिमेंटसारखा घट्ट होतो आणि प्लंबरला पाइप कापावा लागतो. बादलीत ओता, दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी काढून टाका. खालचा लगदा ओला असतानाच पिशवीत भरून, तोंड बांधून कचऱ्यात द्या.